वाडीतली अडतीस मुलं

बेळगुंदीच्या मराठी शाळेतून आम्ही एकदा राजहंसगडावर सहल नेली होती. परत निघताना टेम्पोत मुलं मोजली. बेचाळीस. बरोबर भरली. टेम्पो सुरू झाला, तशी मागच्या बाकावरून चौथीतली माधवी उठून म्हणाली, “बाई, तुम्ही सौरवला दोनदा मोजलासा. तो मधेच जागा बदलून बसला.” पुन्हा मोजलं तर एकेचाळीसच. एक मुलगी खरोखरच देवळाच्या पायरीवर चप्पल शोधत बसली होती.

ही माधवी रवळू बोकमूरकर. वडील रताळी आणि भात करायचे, अजूनही करतात. मुलगी शांत, आवाज बारीक, पण एखादी गोष्ट जुळली नाही की तिला चैन पडत नसे. ती पुढे बेळगावात शिकली, संख्याशास्त्र घेतलं, मग धारवाडला जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. कन्नड तिनं कॉलेजात गेल्यावर पक्कं केलं, आणि आता ती रागावते ते कन्नडमध्ये.

आज ती बेळगावातल्या एका सरकारी आरोग्य कार्यालयात काम करते. साथीचे आजार आणि लसीकरणाची माहिती सांभाळणारं पाच जणांचं पथक आहे, त्याची ती प्रमुख. गावोगावच्या नर्सबाई कुठल्या बाळाला कुठला डोस कधी दिला ते भरून पाठवतात. ती सगळी माहिती या पथकाकडे येते. पथकातली माणसं ती तपासतात, जुळवतात, आणि कुठल्या गावात किती मुलं लसीविना राहिली आहेत त्याची यादी काढतात. तिची आई मनुबाई हे सगळं एका वाक्यात सांगते. कुणी विचारलं की म्हणते, “इंजेक्शन देत न्हाय ती. कुणाला द्यायचं ऱ्हायलंय ते सांगती.” याहून नेमकं मला तरी सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत घडलेली गोष्ट आहे. माधवीनं ती मला सांगितली, आणि काही भाग नंतर इतरांकडून कळला.

बोरगावच्या पुढं एक छोटी वाडी आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. तंबाखू आणि उसाची शेतं, मधे जैनांची बस्ती, म्हणजे देऊळ, शंभर-सव्वाशे घरं. तिथल्या सात महिन्यांच्या एका मुलीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आणि तपासणीत गोवर निघाला. त्यात कुणाची चूक नव्हती. गोवरचा पहिला डोस नऊ महिने झाल्यावर देतात. तिचं वयच झालं नव्हतं. पण गोवर फार झपाट्यानं पसरतो. म्हणून पहिला प्रश्न असा असतो, की आजूबाजूची किती मुलं उघडी, म्हणजे लसीविना, आहेत?

शुक्रवारी दुपारी माधवीच्या पथकानं वाडीची यादी काढली. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं एकशे सत्तेचाळीस. त्यातल्या अडतीस मुलांपुढे गोवरचा एकही डोस नव्हता.

अडतीस म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. एवढी मुलं उघडी असतील तर आठवडाभरात वाडीत घरोघर गोवर. शिवाय दुसरा एक प्रश्न होता. त्या वाडीच्या नर्स शालन यांनी दर महिन्याला ‘एकही मूल राहिले नाही’ असं लिहून पाठवलं होतं. माधवीच्या वरच्या साहेबांनी यादी पाहिली, शालनबाईंचे अहवाल पाहिले आणि म्हणाले, “बावीस वर्षं नोकरी झाली त्यांची. आणि खोटं लिहितात? सोमवारी नोटीस काढू. तुमची यादी जोडा.”

साहेब वाईट नव्हते. कागद समोर असला की कुणीही तेच म्हणालं असतं.

माधवीला मात्र एक गोष्ट जुळेना. त्या अडतीसही मुलांना जन्मल्यावर द्यायच्या लसी दिलेल्या होत्या. त्यानंतर काहीच नाही. दीड महिन्याचा डोस नाही, अडीच महिन्यांचा नाही, काही नाही. एखादं मूल मधेच सुटतं. पण अडतीसच्या अडतीस मुलं जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून नाहीशी होतात कशी?

“वृषभ,” तिनं पथकातल्या मुलाला विचारलं, “तुझं गाव त्याच भागात ना?”

वृषभ निपाणीच्या बाजूचा. संगणकातला हुशार, बोलण्यात जरा मिस्कील. “व्हय मॅडम. पण माझी लस झालीय सगळी.”

“उद्या सुट्टी आहे. येणार का?”

शनिवारी सकाळी नऊ वाजता दोघं वाडीत पोचली. साथ आली तर कुणाला तरी पाठवून काम भागवता येतं. पण यादी माधवीची होती. तिच्यावरून एका बाईची नोकरी जायची होती. आणि ती खरी असेल तर अडतीस लेकरांना आजच्या आज लस टोचायची होती. लशींची पेटी ती गाडीतून घेऊनच गेली होती.

शालनबाई आरोग्य उपकेंद्राच्या दारातच उभ्या होत्या. निळी किनार असलेली पांढरी साडी, चेहरा कोरा.

“या मॅडम. नोटीस संगं आणलीया, का पोष्टानं येणाराय?”

“नोटीस नाही, आक्का. यादी आणलीय. आधी बघूया.”

“बघा की. यादी तुमची, माणसं माझी.”

त्यांनी चष्मा चढवला आणि अडतीस आयांची नावं वाचायला लागल्या. एक, दोन, पाच. कपाळावरची आठी वाढत गेली.

“ही सुजाता कोण? ही वैजयंता? ही राजमती? मॅडम, ह्या बायका न्हाईतच माझ्या वाडीत.”

“पत्ता इथलाच आहे. नुसतं वाडीचं नाव, घर नाही.”

“पत्ता आसंल. बायका न्हाईत. बावीस वरसं ह्या घरांनी हिंडती मी. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं ते बी मला ठावं असतंय.”

वृषभनं माधवीकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं, आणि ते शालनबाईंसाठी चांगलं नव्हतं. नर्सला आपल्या वाडीतल्या अडतीस आयांची नावंसुद्धा माहीत नाहीत, असा त्याचा अर्थ साहेबांनी काढला असता.

तिघं घरोघर विचारत निघाली. पहिल्या घरी विचारलं, वैजयंता आहे का? नाही. दुसऱ्या घरी राजमती? अशी कुणी नाही. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्यानं तर विचारलं, “मतदानाचं काय हाय का? त्यातबी आसलीच नावं असत्यात.” चौथ्या घराला कुलूप होतं. माधवी सांगते, त्या वेळी तिला एकच प्रश्न पडला. पत्ते खोटे असतील तर ती मुलं नेमकी कुठं आहेत? उघडी मुलं वाडीत असती तर निदान सापडली असती.

पाचवं घर जयाबाईंचं. सोप्यात जयाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. परसात त्यांची सून पाठमोरी बसून दगडावर कपडे घासत होती. शालनबाई जयाबाईंशी बोलत होत्या. माधवी दाराशी उभी राहून वृषभला पुढचं नाव वाचून दाखवत होती, “आता ही सुजाता...”

परसातली बाई साबणाच्या हातानं तशीच वळली.

“कोण बोलावलं मला?”

“तुला न्हाय गं क्षमा,” शालनबाई म्हणाल्या. “सुजाता म्हणून कोण तरी हाय, तिला हुडकाय लागलोय.”

“मग मीच की.”

माधवीनं यादीतल्या सुजाताच्या नावावर बोट ठेवलं. मग सोप्यातून जयाबाईंचा आवाज आला, “क्षमा हाय ती! ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं नाव लिवलंय आम्ही. सगळ्या पावण्यांम्होरं.”

“व्हय आत्ती. पण आमच्या आईकडं मी सुजाताच न्हवं का? तिथं क्षमा म्हणून हाक मारली तर मी वळायची बी न्हाय.”

“आन् हितं सुजाता म्हणून मारली तर बरी वळलीस!”

“चार वर्सांत कुणी मारली न्हाय म्हणून वळले,” क्षमा म्हणाली आणि पदराला हात पुसत पुढे आली.

माधवीनं विचारलं, “बाळंतपण कुठं झालं तुमचं?”

“माहेरी. सदलग्याला. पयलं बाळतपण आईकडंच असतंय.”

“दवाखान्यात नाव काय सांगितलं?”

“आधार कार्डावर सुजाताच हाय. आईनं तेच दाखीवलं. पत्ता मातर हितला दिला. बाळ हितलं न्हवं का?”

“आणि इथं आल्यावर?”

“हितं आक्कांनी क्षमाच लिवलं. त्यास्नी काय ठावं मी सुजाता हाय ते?”

जयाबाईंनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड आणलं. आदर्श, वय अडीच वर्षं. आईचं नाव क्षमा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, गोवरचा पहिला डोस, दुसरा डोस. प्रत्येक खान्यात तारीख आणि शालनबाईंची वळणदार सही. आदर्श स्वतः दाराआडून उसाचं कांडं चघळत बघत होता. संगणकाच्या यादीत त्याचं एक जुळं भावंड होतं, सुजाताचं बाळ, जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून लसच न घेतलेलं. तसं दुसरं बाळ कुठं नव्हतंच.

माधवी तिथल्या पायरीवरच बसली.

“पाणी आणू काय?” जयाबाईंनी विचारलं.

“नको. बरं वाटतंय,” ती म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटत होतं. फक्त कान तापले होते. कारण चूक कुठं झाली ते तिला कळलं होतं. चूक तिचीच होती.

पूर्वी दवाखान्याचं रजिस्टर वेगळं असे आणि उपकेंद्राचं वेगळं. दोन वर्षांपूर्वी माधवीच्या पथकानं ती दोन्ही एकत्र जोडली. फार कौतुक झालं होतं त्याचं. जोडताना नियम असा होता: आईचं नाव आणि बाळाची जन्मतारीख जुळली तर मूल एकच. हा नियम माधवीनं स्वतः लिहिला होता. बाळाचं नाव बारशानंतर बदलतं, घरच्यांचा फोन नंबर बदलतो, पण आई काही बदलत नाही, असं तिनं तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. नियम तपासला तो शहरातल्या दोन वॉर्डांवर, जिथल्या बायकांची शाळेच्या दाखल्यावरची नावं लग्नानंतरही तशीच राहतात. आणि खुद्द माधवीच्या लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, तेव्हा ती म्हणाली होती, “माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांवर माधवी आहे. आता दुसरं नाव कुठं कुठं बदलत हिंडू?” सासरच्यांनी हसून माधवीच लिहिलं. त्यामुळे नाव बदलतं ही गोष्ट तिला माहीत होती, पण ती आठवली नाही. आपल्या बाबतीत जे घडत नाही ते माणूस विसरतो.

“वृषभ, तू याच भागातला. तुला कसं सुचलं नाही रे?”

“मला?”

“तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?”

वृषभनं फोन काढला आणि आईला लावला. त्यानं विचारताच आई इतक्या मोठ्यानं म्हणाली, की सगळ्यांना ऐकू आलं, “माझं जुनं नाव? तुला कशाला पायजे आता? कुठं लग्न जमवाय गेलायस का रं?”

“न्हाय गं, ऑफिसचं काम हाय!”

“ऑफिसात माझं नाव? काय केलंस तू?”

जयाबाई शेंगा टाकून हसायला लागल्या. शालनबाई मात्र अजून हसत नव्हत्या. “मॅडम,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हंजे बाकीच्या सदतीस बी अशाच आसतील?”

वृषभनं तिथंच लॅपटॉप उघडला. अडतीस मुलांच्या जन्मतारखा वाडीतल्या बाकी मुलांच्या तारखांशी लावून पाहिल्या. “चौतीस जुळतात, मॅडम. दिवसाला दिवस.”

“तारीख जुळली म्हणजे मूल तेच, असं आता मी म्हणणार नाही,” माधवी म्हणाली. “एका नियमानं एवढं केलं, ते पुरे. प्रत्येकीच्या तोंडून ऐकायचं.”

मग शालनबाईंनी जे केलं ते त्यांनाच जमण्यासारखं होतं. बस्तीच्या कट्ट्यावर उभ्या राहून त्यांनी हाळी दिली, वाडीतल्या सगळ्या सुनांनी लसीची कार्डं घेऊन यावं, आणि माहेरचं नाव सांगावं. अर्ध्या तासात कट्टा भरला. सुनांच्या मागोमाग सासवाही आल्या, कारण सुनांना एकट्यांनाच नाव सांगू दिलं तर आपली काहीतरी गंमत हुकेल असं त्यांना वाटलं असावं.

“वैजयंता?” माधवी वाचायची.

“मी! मी!” गर्दीतून हात वर व्हायचा. “हितली सन्मती.”

“राजमती?”

“ही बघा, लाजतीया. सांग की गं!”

“अगं बया, तू राजमती व्हय? माझ्या मावससासूचं नाव ते!”

एका सासूबाईंना सुनेचं आधीचं नाव सहा वर्षांत कळलंच नव्हतं. “लग्नाच्या पत्रिकेत व्हतं की आत्ती,” सून म्हणाली. “पत्रिका कोण वाचतंय?” सासूबाई म्हणाल्या, “जेवाण किती वाजता हाय तेवढंच बघत्यात.” बायका इतक्या हसल्या, की पलीकडच्या दुकानातले पुरुष बाहेर येऊन बघू लागले. एकेक नाव पुढं यायचं, कार्ड उघडायचं, डोस तपासायचा आणि माधवी पेन्सिलीनं त्या नावावर रेघ मारायची.

दुपारी एक वाजेपर्यंत चौतीस रेघा झाल्या. चौतिसांनाही डोस मिळालेले होते. उरली चार. त्यातलं एक कुटुंब पुण्याला राहायला गेलं होतं. फोन लावला तर बापानं तिथल्या कार्डाचा फोटोच पाठवला. तीन राहिली.

ही तीन खरी होती. ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या वस्तीवर कामाला आलेली दोन घरं. आयांची नावं बदललेली नव्हती, यादीतही खोटं काही नव्हतं. शालनबाई तिथं गेल्या नव्हत्या, एवढंच.

ओढ्याशी आल्यावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, ही तीन माझी. ही माणसं आल्याचं कळलं हुतं मला. ओढ्याच्या वाटंला चिखल हुता, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत ऱ्हायले. आन् अहवालात मातर कुणी ऱ्हायलं न्हाय म्हणून लिवलं. लिवा ते बी.”

“लिहीन,” माधवी म्हणाली. “आणि आजच डोस दिला, तेही लिहीन.”

तीन मुलांना शालनबाईंनीच लस टोचली. सर्वांत धाकटा इतका मोठ्यानं रडला की झाडावरचे बगळे उडाले. त्यांनी त्याला कडेवर घेऊन गोठ्यातली वासरं दाखवली, तेव्हा तो गप्प झाला.

मळ्यातल्या बांधावर उभं राहून माधवीनं साहेबांना फोन लावला.

“म्हणजे अडतीस नाहीत?” साहेब म्हणाले.

“तीन होती, सर. त्यांना आत्ता डोस दिला. नर्सबाईंकडून ती राहिली होती, त्यांनीच सांगितलं. एक पुण्याला आहे, त्याचं झालंय. बाकी चौतीस मुलं नाहीतच.”

“नाहीतच म्हणजे?”

“म्हणजे आहेत, पण आधीच मोजलेली. आईच्या दोन नावांमुळं दोनदा धरली गेली.”

“आणि हे जोडण्याचा नियम कुणाचा?”

“माझा, सर.”

मग साहेब म्हणाले, “नोटीस राहू दे. सोमवारी लिहून आणा.”

“आज संध्याकाळीच पाठवते.”

फोन बंद झाला. शालनबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या, पुन्हा चढवला. “च्या घिऊन जावा,” एवढंच म्हणाल्या. पण तो चहा उपकेंद्रात नाही, त्यांच्या घरी झाला, आणि त्याबरोबर थालीपीठ, लोणी, तंबाखूच्या मळ्यातली ओली मिरची, असं सगळं झालं. निघताना वृषभच्या हातात त्यांनी काकवीची बाटली दिली. “आईला दे. कुठल्या नावानं द्यायची ते तू बघ.”

पुढच्या आठवड्यात माधवीच्या पथकानं नियम बदलला. नोंदणीच्या अर्जात माहेरच्या नावाचा रकाना आला. निपाणी-चिकोडी भागातल्या सगळ्या गावांची यादी पुन्हा काढली, तेव्हा उघड्या मुलांची संख्या इतकी खाली आली, की नीलम नावाच्या तिच्या सहकारी मुलीनं तीन वेळा मोजून मगच दाखवली. आणि जी उरली ती खरी उरली. त्यांच्याकडे नर्सबाईंना नेमकं जाता आलं. माधवीनं साहेबांना दिलेल्या टिपणात चूक स्वतःच्या नावानं लिहिली. एका वाक्यात, कारणं न देता.

पण वाडीचं काम अजून संपलं नव्हतं. गोवर झालेल्या त्या मुलीचा ताप उतरला, पुरळ गेलं. तरी नवा रुग्ण निघत नाही ना, हे अठ्ठावीस दिवस बघावं लागतं. चौतीस मुलं कागदावर सुरक्षित ठरली होती. ती खरोखर सुरक्षित आहेत हे त्या दिवसांतच कळणार होतं. माधवीनं शालनबाईंना विनंती केली, रोज घरांत फेरी मारा, संध्याकाळी पाच वाजता मला फोन करा.

रोज पाचला फोन यायचा. शालनबाई जास्त बोलायच्या नाहीत. “आज न्हाय, मॅडम.” दुसऱ्या दिवशी, “आज बी न्हाय.” एकदा दहाव्या दिवशी म्हणाल्या, “एका पोराला पुरळ हाय.” माधवी उठून उभीच राहिली. “घामोळं निघालं. डॉक्टरांनी बघितलं,” त्या पुढं म्हणाल्या. माधवीनं त्यांना विनवलं, की यापुढे आधी घामोळं सांगा, मग पुरळ.

अठ्ठाविसाव्या दिवशी, “आज बी न्हाय.” माधवीनं भिंतीवरच्या कॅलेंडरात शेवटची खूण केली.

एकोणतिसाव्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच वाजले. फोन आला नाही. माधवीला माहीत होतं की आता यायची गरज नाही, तरी तिचा जीव राहीना. साडेपाचला तिनंच लावला. बऱ्याच वेळानं शालनबाईंनी उचलला, आवाज जड.

“आक्का, काय झालं? बरं आहे ना सगळं?”

“झोपलते वो मॅडम,” शालनबाई म्हणाल्या. “अठ्ठावीस दिस दुपारी डोळा लागला न्हाय. आज लागला.”

“झोपा, झोपा,” माधवी म्हणाली, आणि हसत फोन ठेवला.